भाड्याने देण्यासाठी घर की शेअर बाजार: आकडे नेमके कुठे फसवतात

‘घर बारा वर्षांत दुप्पट झालं’ असं एकाने म्हटलं की दुसरा शेअर निर्देशांकाचा वार्षिक टक्का पुढे करतो. दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. बारा वर्षांत दुप्पट म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साधारण ६ टक्के, आणि तीही नुसती किंमतवाढ. त्यात भाडं धरलेलं नाही, खर्चही वजा केलेला नाही. बातम्यांत दिसणारा शेअर निर्देशांकही बहुतेक वेळा फक्त भावाचा असतो. लाभांश (कंपन्या नफ्यातून भागधारकांना वाटतात ती रक्कम) धरून काढलेला ‘एकूण परतावा निर्देशांक’ वेगळा असतो. एकीकडे भाडं मोजायचं, तर दुसरीकडे लाभांशही मोजायलाच हवा.

आधी घराचा हिशोब मांडू. किंमत १०० आणि वर्षाचं भाडं ४ धरू. हे ४ म्हणजे ढोबळ भाडं. भाडेकरू बदलताना घर एक महिना रिकामं राहिलं, तर हाती येतात ३.६७. रंगकाम, नळ आणि वायरिंगच्या दुरुस्तीला सरासरी ०.७, घरपट्टी, विमा आणि देखभाल शुल्काला ०.५ गेले, की उरतात २.४७. शिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली आणि आतली डागडुजी धरून खरेदी १०७ ला पडलेली असते. म्हणजे निव्वळ भाडे परतावा २.३ टक्के. बारा वर्षांनी घर २०० ला विकलं, विक्रीचा खर्च २ गेला आणि दरम्यान भाडं किमतीच्याच वेगाने वाढत राहिलं, तरी करापूर्वीचा एकूण वार्षिक परतावा साडेसात टक्क्यांच्या जवळपास येतो. इंडेक्स फंडाशी, म्हणजे निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडाशी, तुलना करायची ती या आकड्याची. ‘दुप्पट झालं’ या वाक्याची नव्हे.

सगळ्यात मोठी गफलत कर्जाच्या जागी होते. स्वतःचे २७ (२० डाउन पेमेंट, ७ खर्च) आणि ८० कर्ज ८ टक्क्यांनी घेतलं, तर पहिल्या वर्षाचं व्याज ६.४ होतं. निव्वळ भाडं २.४७ असल्यामुळे मुद्दल फेडण्याआधीच सुमारे ४ खिशातून जातात. त्या वर्षी किंमत ६ ने वाढली, तर २७ वर २ उरतात. वाढलीच नाही, तर स्वतःच्या भांडवलातले जवळपास १५ टक्के गेले. १० ने घसरली, तर निम्मे. हा चढउतार कर्जाचा आहे, घराचा नाही. कर्ज काढून घेतलेलं घर आणि रोखीने घेतलेले शेअर यांची तुलना म्हणूनच निरर्थक ठरते. कर्जात एक खरा फायदा मात्र आहे. हप्ते वेळेवर जात असतील, तर किंमत पडली म्हणून बँक सहसा पैसे मागत नाही. उधारीवर घेतलेले शेअर पडले, तर ब्रोकर जादा मार्जिन, म्हणजे तारणाची रक्कम, मागतो आणि ते न भरल्यास तळालाच शेअर विकून टाकतो.

शेअरचा धोका रोज डोळ्यांसमोर असतो. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा एस अँड पी ५०० निर्देशांक ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ दरम्यान ५७ टक्के पडला. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ अखेरच्या शिखरावर पुन्हा पोहोचला तो थेट २०२४ मध्ये. त्यामुळे एकाच देशाच्या बाजारात सगळा पैसा ठेवणं मला धोक्याचं वाटतं. घराचा भाव रोज छापून येत नाही, म्हणून तो स्थिर भासतो. पण ते एकच घर असतं, एकाच गल्लीत. जवळचा कारखाना बंद पडला किंवा इमारतीवर खटला उभा राहिला, तर नुकसान वाटून घ्यायला दुसरं काही नसतं.

१६ प्रगत देशांच्या १८७० ते २०१५ च्या नोंदी एकत्र करून अर्थतज्ज्ञांनी काढलेल्या हिशोबात महागाई वजा जाता घरं आणि शेअर या दोन्हींचा परतावा सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास आला, आणि घरांचा चढउतार शेअरपेक्षा कमी दिसला. पण ती देशभरातल्या घरांची सरासरी आहे. तुमचं एक घर त्या सरासरीइतकं शांत कधीच नसतं. शेअरमध्ये मात्र इंडेक्स फंड घेतला, की बाजाराची सरासरी अगदी किरकोळ खर्चात मिळते.

पैशांची अडचण आली की फंडाचा दहावा हिस्सा विकता येतो, घराची एक खोली विकता येत नाही. विक्रीला महिने लागतात, आणि घाई दिसली की गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. भाडेकरू निवडणं, करार, अनामत, गळती, थकबाकी हे सगळं अर्धवेळ कामच आहे. त्या वेळेची किंमत धरली नाही, तर घराचा परतावा फुगलेला दिसतो. ज्याला ते काम जमतं, परिसर गल्लीनिशी माहीत आहे आणि बाजारभावापेक्षा कमीत घर मिळतंय, त्याने जरूर घ्यावं. वेळ नसलेल्याला मी इंडेक्स फंडच सुचवीन, पण पुढची किमान सात-आठ वर्षं न लागणाऱ्या पैशांतून.

घर घ्यायचं ठरलंच, तर त्याच इमारतीतल्या दोन-तीन भाडेकरूंना प्रत्यक्ष भाडं विचारा. दलालाने सांगितलेला आकडा सहसा वरचा असतो. निव्वळ भाडं आणि कर्जाचं व्याज यांतली तूट दरमहा पगारातून भरता येईल का, ते पाहा, आणि निदान सहा हप्त्यांची रक्कम वेगळी ठेवूनच करारावर सही करा.