घरात झालेला मृत्यू, पतीला झालेली शिक्षा आणि अपील: एक खुलासा

इंदूरच्या मराठी वस्त्यांत, रामबागेपासून लोकमान्यनगरापर्यंत, एक समज वर्षानुवर्षे ऐकू येतो: पत्नीचा मृत्यू घरात झाला, की निर्दोषत्व पतीनेच सिद्ध करायचे असते, आणि शिक्षा झाली, की अपील ही निव्वळ औपचारिकता उरते. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. एखादी गोष्ट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर टाकणारे पुरावा कायद्याचे कलम १०६, म्हणजे १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १०९, फक्त आरोपीलाच विशेषत्वाने ठाऊक असलेल्या वस्तुस्थितीपुरते आहे. मृत्यू घातपाताने झाला आणि पती त्या वेळी घरात होता, हे सरकार पक्षाने आधी सिद्ध केल्यावरच त्याचे मौन किंवा खोटे स्पष्टीकरण त्याच्याविरुद्ध जाऊ शकते. सत्र न्यायालयाने दिलेल्या शिक्षेविरुद्धचे अपील मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे चालते आणि तेथे सगळा पुरावा नव्याने तपासला जातो. पुण्यातील एका विवाहितेच्या मृत्यूच्या प्रकरणात तर पतीची फाशी उच्च न्यायालयानेही कायम केली होती. तरीही परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पूर्ण होत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्याला निर्दोष सोडले. मृतेच्या माहेरच्यांना हे कठोर वाटते, आणि ते दुःख खरेच आहे; पण तपासातील उणीव आरोपीच्या मौनाने भरून निघत नाही. जन्मठेपेविरुद्धच्या अपिलाची मुदत ६० दिवसांची असते, आणि ते नुसते दाखल केल्याने सुटका होत नाही. शिक्षेला स्थगिती वेगळा अर्ज करून मागावी लागते.