जेजू बेटाच्या सहलीला निघण्यापूर्वी : आमच्या प्रवाशांसाठी

दक्षिण कोरियाच्या जेजू बेटाची सहल आम्ही दापोलीहून नेतो, ती मुख्यतः तिथल्या लाव्हाच्या गुहांसाठी. सारं बेटच ज्वालामुखीतून घडलंय. मधोमध सुमारे 1,950 मीटर उंचीचा हाल्लासान डोंगर. 1002 आणि 1007 साली जेजूच्या परिसरात उद्रेक झाल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा आपल्याकडे शिलाहारांचं राज्य होतं. आपला काळा कातळही लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांहून जुना. त्यातला कितीतरी झिजून जांभा झाला. लाव्हा वाहिला कसा, हे जेजूत अजून स्पष्ट दिसतं.

मांजांगगुल ही गुहा सुमारे 7.4 किलोमीटर लांब आहे. त्यातला साधारण 1 किलोमीटर पर्यटकांसाठी. पातळ लाव्हा उतारावरून वाहताना वरचा थर हवेनं थंड होऊन घट्ट होतो. आतला मात्र वाहत राहतो, आणि मागून येणारा लाव्हा थांबला की पुढे निघून जातो. मागे उरतं ते भुयार, काही ठिकाणी 23 मीटर उंच. भिंतींवर आडव्या रेघा आहेत, त्या हाताच्या अंतरावरून बघा : लाव्हा टप्प्याटप्प्यानं उतरला त्या त्या पातळीच्या खुणा आहेत त्या. वाटेच्या शेवटी 7.6 मीटर उंचीचा खांब लागतो. छताच्या भोकातून ओघळलेला लाव्हा खाली साचत गेला आणि तसाच थिजला. घाईनं फोटो काढून परतू नका, तिथे थोडं थांबाच. ही गुहा 1946 साली बू जोंग-ह्यू या शिक्षकांनी शाळकरी मुलांना घेऊन, मशालींच्या उजेडात धुंडाळली.

जवळची योंगचॉनगुल ही गुहा 2005 मध्ये विजेचा खांब रोवताना सापडली. वरच्या शिंपल्यांच्या वाळूतला चुना पावसाच्या पाण्याबरोबर झिरपून काळ्या लाव्हावर पांढरे झुंबर लटकले आहेत. ती लोकांना खुली नाही, आणि ते योग्यच आहे. या गुहा, हाल्लासान आणि समुद्रकाठची सोंगसान इल्चुलबोंग ही ज्वालामुखीची टेकडी 2007 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

पाऊस भरपूर असूनही ओढे बहुतेक कोरडे. सच्छिद्र खडकात पाणी मुरतं आणि किनाऱ्यावर झऱ्यांतून वर येतं, म्हणून जुनी गावं किनाऱ्यालगत वसली. सड्यावर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. शेतांभोवती काळ्या दगडांचे गडगे आहेत, नुसते रचलेले. फटींतून वारा निघून जातो म्हणून ते टिकतात.

गुहेत उन्हाळ्यातही गारवा असतो आणि पाणी ठिबकतं. स्वेटर घ्या. जमीन खडबडीत आणि ओली, तेव्हा चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. गुडघे दुखत असतील तर आधी सांगा. दगड सुटण्याचा धोका दिसला की मांजांगगुल बंद ठेवतात, म्हणून ती उघडी आहे ना, हे पैसे भरण्याआधी आम्हाला जरूर विचारा.