'बदल' या शब्दात अडकलेली गाडी : घरच्या गॅरेजमधल्या स्पोर्ट्स कारची पार्श्वभूमी

जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडवरील एखाद्या बंगल्याच्या पोर्चमध्ये चार घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) चढवलेला, दारे, बॉनेट आणि काचा उतरवलेला काँटेसा या जुन्या मोटारीचा सांगाडा दिसला, तर तो भंगारवाल्याची वाट पाहत आहे असे समजू नये. बहुधा त्या घरातील कोणीतरी आपले शनिवार-रविवार घालून ती गाडी पुन्हा उभी करत असते. ती कंपनीतून आली तशीच उभी करायची, की खाली बसवून, जोरकस इंजिन टाकून, आतून दोन आसनांची स्पोर्ट्स कार करायची, एवढाच निर्णय व्हायचा असतो. पूर्वी हा निर्णय हौसेवर आणि खिशावर ठरत असे. आज तो आरटीओच्या खिडकीवर ठरतो, आणि तसे का झाले हे समजण्यासाठी गेल्या चाळीस वर्षांत कायद्यातील एका शब्दाचे काय झाले ते पाहावे लागते.

परदेशातील पूर्वेतिहास येथे थोडक्यात पुरेल. अमेरिकेत १९३२ सालच्या फोर्ड व्ही-८ गाड्यांची मडगार्डे काढून, त्या हलक्या करून कॅलिफोर्नियातील कोरड्या तलावांच्या सपाट पात्रांत पळवल्या जात. ब्रिटनमध्ये १९५७ साली आलेली लोटस सेव्हन सुट्या भागांच्या संचातही मिळे, कारण तयार गाडीवर लागणारा खरेदी-कर सुट्या भागांवर लागत नसे. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. तरीही घरी बांधलेली गाडी तेथे संपली नाही, कारण अशा एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला नोंदणी देण्याची पद्धत ब्रिटनने पुढे बसवली. आपल्याकडील अडचण नेमकी या पद्धतीच्या अभावात आहे.

सोलापूरकडे स्पोर्ट्स कारचा वारसा नव्हता, पण यंत्राला हात लावण्याचा वारसा भरपूर होता. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली, मग इतर गिरण्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर फिटर, टर्नर, मोल्डर आणि जॉबर यांच्या पिढ्या घडल्या. गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा यांतील अनेक हात यंत्रमागाच्या दुरुस्तीकडे वळले आणि काही मोटारींच्या गॅरेजांकडे. यंत्रमागाचा झिजलेला दात किंवा शाफ्ट लेथवर नव्याने करून देणाऱ्या कारागिराला बाजारात न मिळणारे बुश किंवा पुली करून देणे अवघड वाटत नाही. एक योगायोगही नोंदवावासा वाटतो. फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी ज्या कारखान्यातून बाहेर पडली, तो उद्योग १९४४ मध्ये उभा करणारे उद्योजक वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरातच जन्मले होते.

आजच्या हौशी कामाची खरी तालीम मात्र १९८० आणि १९९० च्या दशकांत झाली, आणि ती वेगासाठी नव्हती, बचतीसाठी होती. पेट्रोल परवडेना म्हणून जिल्हाभरच्या पेट्रोल जीपा आणि अँबॅसिडर डिझेलवर जाऊ लागल्या. 'मॅटाडोरचं इंजिन बसवलेली अँबॅसिडर' हा शब्दप्रयोग त्या काळी रस्त्यावरच्या कोणालाही समजावून सांगावा लागत नसे. नवे इंजिन जड, त्याचे माउंटिंग वेगळे, गिअरबॉक्सशी तोंड जुळत नाही, रेडिएटर पुढे सरकवावा लागतो, प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा वेल्ड करून तोलावा लागतो, पुढच्या स्प्रिंगांना पाने वाढवावी लागतात. हे सगळे गॅरेजवाले करत होते आणि काम झाल्यावर आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात 'डिझेल' अशी नोंदही होत होती. आज एखादा तरुण पोर्चमध्ये इंजिन बदलतो तेव्हा तो जे करतो, त्यातील एकूण एक पायरी या डिझेलवाल्या मिस्त्रींनी आधी पार केलेली आहे. या कामाला कोणी इतिहास म्हणून पाहिले नाही, याची खंत वाटते.

त्याच काळात योग्य गाड्याही हाताशी आल्या. १९८४ मध्ये आलेली काँटेसा आणि १९८५ मधील प्रीमियर ११८ एनई या दोन्ही मागच्या चाकांना जोर देणाऱ्या, लांब नाकाच्या, इंजिनभोवती हात घालायला जागा असलेल्या गाड्या होत्या. काँटेसाला पुढे इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आणि पाच गिअर मिळाले. तेच इंजिन अँबॅसिडरमध्येही आले, आणि अलिबागला फायबरच्या बॉडीत बांधलेल्या चिंकारा रोडस्टरमध्येही तेच बसवले गेले. म्हणजे सरकारी अधिकाऱ्याची पांढरी गाडी आणि उघड्या टपाची दोन आसनी स्पोर्ट्स कार एकाच इंजिनावर चालत होत्या, आणि एकीचे हेड दुसरीला बसत होते. घरगुती बांधणीला चालना मिळते ती अशा अदलाबदलीतून. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म हीदेखील फायबरच्या बॉडीची आणि रेनोच्या सुमारे १.२ लिटर इंजिनाची होती. अशा गाड्या थोड्याच झाल्या, पण स्पोर्ट्स कार म्हणजे परदेशातून आणायची वस्तू, ही समजूत त्यांनी ढिली केली.

आता त्या शब्दाकडे यावे लागेल. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ हे 'अल्टरेशन'चे, म्हणजे वाहनातील बदलाचे कलम आहे. बोलताना आपण बदल, फेरफार, मॉडिफिकेशन आणि अल्टरेशन हे चारही शब्द एकाच अर्थाने वापरतो, आणि येथेच गल्लत होते. मूळ १९८८ च्या मजकुरात बदलाला सरसकट बंदी नव्हती. आरसीतील तपशील चुकीचा ठरेल असा बदल करायचा असेल तर नोंदणी प्राधिकाऱ्याला आधी कळवावे आणि त्याची मंजुरी घ्यावी, असे ते कलम सांगत होते. जोडसाहित्य (फिटिंग, अ‍ॅक्सेसरीज) लावल्या-काढल्यामुळे गाडीच्या रिकाम्या वजनात दोन टक्क्यांपर्यंत फरक पडला तर त्या मंजुरीचीही गरज नव्हती. डिझेलवर गेलेल्या अँबॅसिडर याच चौकटीत बसत होत्या. मालक विचारत होता, अधिकारी गाडी पाहून हो किंवा नाही म्हणत होता.

२००० सालच्या दुरुस्तीने हे वाक्य फिरवले. आरसीतील तपशील 'उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या' तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल कोणत्याही मालकाने करू नये, असे नवे शब्द आले. आधीच्या वाक्यात मोजमाप आरसीचे होते आणि आरसी दुरुस्त करता येत होती. नव्या वाक्यात मोजमाप कारखान्याचे झाले, आणि कारखान्याने एकदा ठरवलेले कोणीच दुरुस्त करू शकत नाही. अपवाद ठेवला तो इंधन बदलणाऱ्या मान्यताप्राप्त किटसाठी, म्हणजे सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांसाठी. गंमत नव्हे, पण गंभीरपणे विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की या अपवादासाठी कलमात 'मॉडिफिकेशन' हा वेगळा शब्द आहे आणि मनाईसाठी 'अल्टरेशन' हा. अल्टरेशन म्हणजे वाहनाच्या रचनेतील असा बदल, ज्यामुळे त्याचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते, असे स्पष्टीकरणही जोडलेले आहे. मूलभूत वैशिष्ट्य कोणते, हे मात्र अधिनियमात कोठेही सांगितलेले नाही.

या अस्पष्टतेमुळे जवळजवळ दोन दशके राज्याराज्यांत वेगवेगळा व्यवहार चालला. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठाने केरळमधून आलेल्या अपिलात निकाल दिला आणि उच्च न्यायालयाचा वाहनमालकांना अनुकूल असलेला निर्णय रद्द केला. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून दूर नेणारा बदल चालणार नाही आणि राज्याचे नियम अधिनियमाच्या वर जाऊ शकत नाहीत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. वर्तमानपत्रांतील मथळ्यांमुळे मॉडिफिकेशनवर संपूर्ण बंदी आली असा समज पसरला आणि तो अजूनही टिकून आहे. निकाल तसा नाही. आरसीतील जो तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशाचा भाग नाही, तो बदलता येतो, हेही त्याच निकालात आहे. रंग बदलून आरटीओकडे नोंद करून घेणारे म्हणूनच आजही कायद्यात बसतात. चासी कापणारे, टप उडवणारे किंवा वेगळ्या क्षमतेचे इंजिन बसवणारे बसत नाहीत. त्याच वर्षी अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद केली.

सुरक्षिततेचा मुद्दा खोटा नाही. पन्नास अश्वशक्तीसाठी आखलेल्या ड्रम ब्रेकांवर दुप्पट ताकदीचे इंजिन बसवून सोलापूर-पुणे महामार्गावर गाडी काढणारा माणूस स्वतःला आणि समोरच्याला धोक्यात घालतो, आणि ते थांबलेच पाहिजे. प्रश्न आहे तो नीट काम करणाऱ्याचा. ज्याने इंजिनाबरोबर पुढचे डिस्क ब्रेक, सस्पेन्शन आणि स्टिअरिंगही त्याच मापाने बदलले, त्याला आपले काम तपासून घेण्यासाठी जायला जागाच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतील नियम १२६ प्रमाणे होणारी चाचणी ही उत्पादकाच्या नमुना-वाहनाची असते. त्या एका नमुन्यावर हजारो गाड्या निघतात. एकाच गाडीसाठी ती चाचणी करून घेणे पोर्चमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या आवाक्यात येत नाही. १९८८ च्या मजकुरातील अधिकारी निदान गाडी पाहायला तरी येत होता. तो दुवा तोडताना त्याच्या जागी दुसरे काही ठेवले गेले नाही, हे या सगळ्या इतिहासातील सर्वात चुकीचे पाऊल आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

याचा परिणाम कामाच्या पद्धतीवर झालेला दिसतो. अलीकडे कस लागतो तो पत्र्याच्या आणि रंगाच्या कामात, कारण तेथे कायदा आड येत नाही. सोलापूरची कोरडी हवा येथे उपकारक ठरते. कोकणातून आलेल्या गाडीचा तळ ज्या वयात चाळणी झालेला असतो, त्या वयात इथल्या गाडीच्या दारांच्या खालच्या कडा आणि डिकीचा तळ तेवढा गंजलेला सापडतो. तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करतात, मग लांबी (पुट्टी) भरून पाण्याने पॉलिश पेपर मारतात. जाणता माणूस हाताच्या तळव्याने पत्रा चाचपतो, डोळे मिटून, कारण डोळ्याला न दिसणारा खळगा हाताला लागतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की थिनर पत्र्यावर पोचण्याआधीच उडू लागतो आणि रंग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत बसतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत शेवटचा हात पहाटे, फरशीवर पाणी मारून, धूळ बसल्यावर मारला जातो. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी, धुळीच्या जोडीला कापसाची तूसही असते, आणि ओल्या रंगावर बसलेली एक तूस काढण्यासाठी अख्खे दार पुन्हा घासावे लागते.

२०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' अक्षरांची नोंदणी-क्रमांकाची मालिका मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे आहे. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरील मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झाले. व्हिंटेज ठरायला वय पुरेसे नाही आणि रोजच्या नोंदणीला वय जास्त आहे, अशा मधल्या पट्ट्यात आज काँटेसा, ११८ एनई आणि नंतरच्या काळातील पद्मिनी उभ्या आहेत.

पहिल्या काँटेसा २०३४ मध्ये पन्नाशी गाठतील. त्या हिशेबाने सोलापुरातील काही मालकांनी आपली पद्धत आत्ताच बदलली आहे. चासीला हात लावायचा नाही, कोठेही नवे भोक पाडायचे नाही, ब्रेक आणि सस्पेन्शनचे जे भाग लावायचे ते मूळच्याच बोल्टांवर बसतील असे करून घ्यायचे, आणि मूळ इंजिन विकायचे नाही. ते ग्रीस लावून, स्पार्क प्लगच्या भोकांतून थोडे तेल सोडून, गोणपाटात गुंडाळून पोर्चच्या कोपऱ्यात फळीवर ठेवलेले असते, आणि त्याच्या ब्लॉकवरचा क्रमांक आरसीतल्या क्रमांकाशी जुळवून एका वहीत लिहून ठेवलेला असतो.