लॅन पार्टी

मित्रांनी आपापले संगणक एका घरी जमवून, ते केबलने एकमेकांना जोडून एकत्र गेम खेळण्याचा बेत. लॅन म्हणजे लोकल एरिया नेटवर्क, एका खोलीपुरते किंवा इमारतीपुरते जाळे. त्याला इंटरनेट लागत नाही. नाशिकच्या पोरांत ‘शनिवारी लॅन लावू’ एवढा निरोप पुरत असे.

या खेळाची सुरुवात ‘डूम’पासून धरतात. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या या गेममध्ये चार जण जाळ्यावरून एकमेकांशी लढू शकत होते. पहिल्या आवृत्तीने अमेरिकेतल्या कंपन्यांची आणि विद्यापीठांची नेटवर्क इतकी तुंबवली की काही ठिकाणी तिच्यावर बंदी आली. १९९४ साली स्वीडनमधल्या मालुंग गावातल्या एका शाळेत ‘ड्रीमहॅक’चा पहिला मेळावा भरला, पुढे तो हजारो संगणकांचा झाला. मग ‘क्वेक’ (१९९६), ‘एज ऑफ एम्पायर्स २’ (१९९९) आणि १९९९ मध्येच ‘हाफ-लाइफ’ या गेमचा मॉड (मूळ गेममध्ये बदल करून चाहत्यांनी केलेला नवा गेम) म्हणून निघालेला ‘काउंटर-स्ट्राइक’ आला. त्याची १.६ ही आवृत्ती २००३ ची. नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या सायबर कॅफेपासून इंजिनिअरिंगच्या पोरांच्या भाड्याच्या फ्लॅटपर्यंत बहुतेकांनी ‘सीएस’ म्हणून खेळला तो हाच.

तयारीतच अर्धी मजा असे. सिडकोतून गंगापूर रोडला स्कूटरवर सीपीयू पायांत धरून न्यायचा, आणि १७ इंची सीआरटी, म्हणजे जुना डबड्यासारखा मॉनिटर मागे बसलेल्याने मांडीवर सांभाळायचा. मॉनिटरचे वजन १५ किलोच्या आसपास, त्यामुळे गतिरोधक आला की दोघेही श्वास रोखत. घरी पोचल्यावर सगळ्या केबल एकत्र जोडणारा आठ पोर्टचा नेटवर्क स्विच, प्रत्येकाची केबल आणि एक्स्टेन्शन बोर्डांची साखळी. नेटवर्कमधल्या प्रत्येक संगणकाला आयपी, म्हणजे आकड्यांचा पत्ता लागतो. असे पत्ते वाटणारा राऊटर नसेल तर विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेते. तो दिसला की जाणता गडी सगळ्यांना हाताने १९२.१६८.१.१, .२, .३ असे आयपी घालायला लावी. तरीही एखाद्याला सर्व्हर, म्हणजे सामना चालवणारे मशीन, दिसत नसे. मग ‘फायरवॉल बंद कर’ हा सल्ला खोलीच्या चारही कोपऱ्यांतून एकदम येई, आणि बहुतेक वेळा तोच लागू पडे.

सर्व्हर कोणाच्या मशीनवर बनवायचा, हा नाशिकमध्ये विजेचाही प्रश्न होता. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात लोडशेडिंगची होती. सर्व्हर चालवणाऱ्याचे, म्हणजे होस्टचे मशीन बंद पडले की सगळ्यांचाच सामना बुडतो, म्हणून सर्वांत धडधाकट यूपीएस त्यालाच मिळे. भागाचे वेळापत्रक पाहूनच घर ठरे. थंडीत मात्र सीआरटींची ऊब कामी येई. डिसेंबरातल्या नाशिकच्या रात्रीही त्या खोलीत शाल लागत नसे.

लॅनचा खरा फायदा पिंगमध्ये आहे. माऊस दाबल्याची बातमी सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. एका खोलीत तो काही मिलिसेकंदांचा असतो. त्या काळच्या २५६ केबीपीएस ब्रॉडबँडवरून परदेशी सर्व्हर गाठताना तो शेकड्यात जाई. त्यामुळे लॅनवर हरलेल्याला ‘लॅग होता’, म्हणजे नेट अडखळत होते, असे म्हणायची सोय नाही. गोळी चुकली ती नेमामुळेच.

आणि समोरचा भिडू तीन हातांवर बसलेला. ‘सीएस’मध्ये दोन संघ असतात, मेलेला गडी राऊंड संपेपर्यंत नुसता बघतो. ‘डस्ट २’ या नकाशावर एका संघाने ए किंवा बी यांपैकी एका ठिकाणी बॉम्ब लावायचा, दुसऱ्याने तो अडवायचा. ‘बी ला दोघे आहेत, बोगद्यातून ये’ असे ओरडले की साथीदाराइतकेच शत्रूलाही कळते, कारण सगळेच मराठी. म्हणून प्रत्येक टोळक्याने आपल्या खुणा तयार केल्या. काही जण मुद्दाम ‘ए ला चला रे!’ असे ओरडून गपचूप बी ला जात. दोन-तीनदा फसल्यावर समोरचे शहाणे होत, आणि मग खरे सांगितले तरी कोणी विश्वास ठेवत नसे. मेलेल्याने दुसऱ्याच्या पडद्यात डोकावून बातमी फोडणे हा सर्वांत मोठा गुन्हा. त्यावरून होणारी भांडणे जोरात होत, पण पुढच्या राऊंडपलीकडे टिकत नसत. चांगल्या घरात एक संघ हॉलमध्ये आणि दुसरा बेडरूममध्ये बसे. खेळ नीट व्हायचा तर हीच मांडणी उत्तम. पहाटे मशीन बंद झाली की मिसळ. नाशिकमध्ये रविवारची सकाळ तशीही मिसळीचीच असते.

पुढे चित्र बदलले. २०१० मध्ये आलेल्या ‘स्टारक्राफ्ट २’ने लॅनची सोयच काढून टाकली आणि इतर मोठ्या गेम कंपन्याही त्या वाटेने गेल्या. २०१६ मध्ये जिओ आले, २०१८ मध्ये पबजी मोबाइल. सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली आणि २०२१ मध्ये बीजीएमआय या त्याच्या भारतीय आवृत्तीने ती जागा घेतली. चौघे मित्र आता चार घरांत हेडफोन लावून एकाच संघात असतात. हेही खेळणेच आहे, पण हरणाऱ्याचा चेहरा त्यात दिसत नाही, आणि लॅनमध्ये अर्धा आनंद त्या चेहऱ्याचा होता.

लॅनवर चालणारे गेम आजही आहेत. ‘माइनक्राफ्ट’च्या जावा आवृत्तीत एकाने आपले जग ‘ओपन टू लॅन’ केले की त्याच वायफायवरचे बाकीचे त्यात शिरतात. ‘मिनी मिलिशिया’ला एका फोनचा हॉटस्पॉट पुरतो, त्यामुळे तो कॉलेजच्या कँटीनमध्येही चालतो. ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ साध्या विंडोज लॅपटॉपवरही उघडतो. एकाने सर्व्हर बनवायचा, बाकीच्यांनी गेममधल्या कन्सोलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या चौकटीत, ‘कनेक्ट’ (connect) लिहून पुढे त्याचा आयपी टाकायचा.