उगवताना चंद्र मोठा दिसतो, पण त्यात हवेचा काही हात नाही

कोजागिरीला चंद्र उगवताना केवढा मोठा दिसतो, आणि मग कोणीतरी हमखास सांगतं की हवा भिंगासारखं काम करते म्हणून. हे साफ चूक आहे, आणि अजूनही पोरांना असंच सांगितलं जातं याचं खरंच वाईट वाटतं.

हवेमुळे प्रकाश वाकतो हे बरोबर, पण त्याने क्षितिजाजवळचा चंद्र फुगत नाही, उलट वरून-खालून किंचित दबतो, आणि तो लालसर-पिवळा रंग तेवढा हवेमुळे येतो. साइज म्हणाल तर उगवताना काय नि डोक्यावर आल्यावर काय, डोळ्याशी होणारा कोन साधारण अर्धा अंशच, आणि खरं तर उगवताना तो आपल्यापासून जवळपास पृथ्वीच्या त्रिज्येइतका, म्हणजे 6,400 किमीच्या आसपास जास्त लांब असतो, त्यामुळे मोजला तर दीडेक टक्का लहानच भरतो!

खात्री करायचीये? मोबाईलचा झूम अजिबात न बदलता उगवल्यावर एक फोटो काढा, 4-5 तासांनी दुसरा, आणि दोन्हींत चंद्राची रुंदी मोजा. नाहीतर कागदाची सुरळी करून एका डोळ्याने बघा, झाडं-बिल्डिंगा दिसेनाशा झाल्या की चंद्र बहुतेकांना एकदम नॉर्मल वाटतो.

मोठा करतो तो आपला मेंदू. 11व्या शतकात इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने हे अंतराशी जोडलं होतं, की मधे जमीन, घरं दिसली की चंद्र लांबचा वाटतो आणि लांबचा असून एवढा दिसतोय म्हणजे मोठाच असणार असं आपण धरतो. पण विमानातून, मधे काहीच नसताना, पायलटलाही तो मोठा दिसतो, म्हणून शास्त्रज्ञांचा यावर अजून वाद चालूच आहे.