बांधावरून शेतरस्ता मिळवण्यासाठी तहसीलदारांकडे करावयाचा अर्ज

शेताच्या तोंडाशी 'खासगी मालमत्ता, प्रवेश बंद' अशी पाटी लागली आणि तारेचे कुंपण पडले, की पलीकडचा शेतकरी अर्ज घेऊन तहसील कार्यालय गाठतो. त्याआधी एक गोष्ट नक्की करावी लागते आणि बरीच प्रकरणे नेमकी तिथेच फसतात: पूर्वापार वहिवाटीची वाट कोणी अडवली आहे, की मुळात वाटच नसल्यामुळे ती नव्याने हवी आहे?

वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांपुढे दावा दाखल करावा लागतो आणि तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. गावात बसून मिटवू, सुगी झाल्यावर बघू, असे म्हणता म्हणता ही मुदत सहज निघून जाते, म्हणून बोलणी चालू असली तरी दावा वेळेत दाखल झालेला बरा. वाट नव्याने हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली अर्ज करावा. एकाच अर्जात दोन्ही मागण्या घातल्यास विरुद्ध बाजूला आयती हरकत मिळते.

कोणताही अर्ज लिहिण्यापूर्वी गाव नकाशा मात्र अवश्य पाहावा. त्यावर पायमार्ग एकेरी तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. आपली वाट अशा रेषेवर असेल, तर ती शेजाऱ्याच्या मेहेरबानीची वाट नव्हे. तिथे पाटी असो वा काटेरी झुडपे, नकाशातील रस्त्यावरील अतिक्रमण काढावे अशीच मागणी करावी.

कलम १४३ चा अर्ज शेतजमीन धारण करणाऱ्याने करावयाचा असून, तहसीलदारांनी निर्णय देताना शेतात जाण्या-येण्याची शेतकऱ्यांची वाजवी गरज लक्षात घ्यावी असे हे कलम सांगते. रस्ता मिळतो तो इतर भूमापन क्रमांकांच्या (मोजणीत क्रमांक मिळालेल्या जमिनींच्या) हद्दीवरून, म्हणजे दोन शेतांमधल्या सरबांधावरून (विदर्भात धुऱ्यावरून). कोणाच्या उभ्या पिकातून तिरपा मार्ग या कलमाखाली मागता येत नाही. बांधाखालच्या जमिनीची मालकीही बदलत नाही, फक्त जाण्या-येण्याचा हक्क मिळतो.

अर्जासोबत आपल्या जमिनीचा चालू सातबारा व आठ-अ (खातेउतारा), ज्यांच्या हद्दीवरून रस्ता हवा आहे त्या सर्वांचे सातबारे आणि पूर्ण नावे-पत्ते, मागणीचा मार्ग दाखवणारा कच्चा नकाशा, असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा, आणि त्या जमिनीबाबत न्यायालयात वाद चालू असल्यास त्याची कागदपत्रे जोडावीत. कच्चा नकाशा बेताचा असला तरी चालतो, मात्र प्रत्येक बांधाच्या दोन्ही अंगांचे गट क्रमांक त्यावर असलेच पाहिजेत. लगतच्या सातबाऱ्यावरचा एखादा सहहिस्सेदार पक्षकार करायचा राहिला, तर त्याला नोटीस जात नाही आणि पुढे तेवढ्याच कारणावरून निकाल अडचणीत येऊ शकतो.

अर्ज दाखल झाल्यावर लगतच्या धारकांना नोटिसा निघतात, स्थळपाहणी होते, पंचनामा केला जातो आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले जाते. स्थळपाहणीच्या दिवशी अर्जदाराने स्वतः हजर राहावे, कारण निकालाचा कल बव्हंशी त्या दिवशीच ठरतो. रस्त्याची खरोखर गरज आहे का, पूर्वीचे मालक कोणत्या बांधाने ये-जा करीत होते, दुसरा मार्ग आहे का आणि कोणत्या मार्गाने शेजाऱ्याचे नुकसान कमीत कमी होईल, हे तिथे पाहिले जाते. थोडा लांबचा पण वापरातला दुसरा रस्ता असताना केवळ जवळ पडतो म्हणून नवा रस्ता मागितला, तर अर्ज टिकणे कठीण असते.

कलम १४३ खालील निर्णयाविरुद्ध दिवाणी न्यायालयात दावा करायचा असल्यास तो एक वर्षाच्या आत करावा लागतो, आणि असा दावा दाखल झाला की त्या निर्णयाविरुद्ध महसुली अपील किंवा पुनरीक्षण (वरिष्ठ अधिकाऱ्याकडून निर्णयाची फेरतपासणी) चालत नाही. मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खालील आदेशाविरुद्ध अपील नाही, मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण अर्ज करता येतो.

रस्ता मंजूर झाल्यावर आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन, ज्या जमिनींच्या बांधावरून तो जातो त्यांच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात नोंद करून घ्यावी. उद्या शेजारची जमीन विकली गेली, तर नव्या खरेदीदाराला ती वाट पाटीवर नव्हे, सातबाऱ्यावर दिसली पाहिजे.