डोळे थकणं वेगळं आणि नंबर वाढणं वेगळं

"अगं लाईट लाव, अंधारात वाचू नको, नंबर वाढेल" हे घरोघरी ऐकू येतं आणि मग नंबर वाढलाच की आईबाप भारीतला टेबल लॅम्प आणतात, पोरगी त्याच्याखाली अजून दोन तास बसते, पुढच्या वर्षी नंबर परत वाढलेला. हे इतक्या वेळा बघितलंय की आता लिहायलाच हवं.

डोळे थकणं सगळ्यांना माहितीये. जवळचं बघताना आतला स्नायू आवळलेला राहतो, मोबाईल बघताना पापण्या कमी मिटतात, डोळे चुरचुरतात, डोकं धरतं. झोप झाली की बरं. मंद उजेडात वाचलं तर हेच होतं, फार तर पुस्तक नाकाजवळ जातं. टेबल लॅम्प यासाठी चांगला, जरूर लावा.

मायनस नंबर, म्हणजे लांबचं धूसर दिसणं, यात मात्र डोळ्याचा गोळाच मागे लांबतो. मोठ्या माणसाचा डोळा साधारण 24 मिलीमीटर लांब असतो, त्यात एक मिलीमीटर जास्त झाला तरी अडीच-तीन नंबर लागतो, आणि तो काही गाजर खाऊन किंवा डोळे गरगर फिरवून उतरत नाही. दुखत तर काहीच नाही, म्हणून मुलं बोलत नाहीत, फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीत बघून उतरवतात.

आणि खरी गल्लत उजेडाची आहे. घरात ट्यूबलाईटखाली दोन-चारशे लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड मिळतो, बाहेर ढगाळ दिवसातही काही हजार, भर उन्हात लाखाच्या आसपास. आपल्याला एवढा फरक जाणवत नाही कारण डोळा लगेच जुळवून घेतो, त्यामुळे खोलीत "लख्ख उजेड आहे की" असं वाटतं. डोळ्याची वाढ आवरायला लागतो तो हा बाहेरचा उजेड, त्याने डोळ्याच्या आतल्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि ते वाढीला लगाम घालतं असं मानतात. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटं जास्तीची बाहेर काढली, तीन वर्षांनी त्यांच्यात सुमारे 30 टक्के मुलांना नंबर लागला, बाकीच्या शाळांत जवळपास 40 टक्के. तैवानने 2010 पासून शाळांमध्ये रोज 120 मिनिटं बाहेर असं धोरणच ठेवलं. सूर्याकडे बघायचं नाहीये, झाडाची सावलीही चालते. क्लास एक कमी करा पण पोरांना दिवसाउजेडी मैदानात सोडा, माझं मत ठाम आहे.

स्क्रीनचा निळा उजेड अडवणाऱ्या ब्लू लाईटच्या चष्म्यावर पैसे घालू नका. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देणं तर बंदच करा, त्याने नंबर थांबत नाही, पोराला नीट दिसत नाही एवढंच.

फक्त एका ठिकाणी डोळे थकणं आणि नंबर असणं या दोन्ही गोष्टी खरंच सारख्या दिसतात. स्नायू आवळून बसलेला असेल तर मशीनवर खोटा मायनस नंबर येतो. म्हणून लहान मुलांचा नंबर तो स्नायू सैल करणारे ड्रॉप्स टाकूनच काढून घ्या, दिवसभर जवळचं धूसर दिसतं, एक दिवस अभ्यास बुडतो, बुडू द्या.